शेवयांच्या वाडग्यातील इतिहास

दिवाळी उलटून पहाटेचा गारठा अंगाला झोंबू लागला, की चंद्रपूर, नागपूर यांसारख्या शहरांत रस्त्याच्या कडेला लोकरी कपड्यांची दुकाने उभी राहतात. त्या दुकानांत बसलेली माणसे तिबेटी असतात. त्यांच्याकडून घेतलेला एखादा स्वेटर आपल्या धर्मग्रामातील बहुतेक घरांतून निघेल. आम्हीही कित्येक वर्षे तेथूनच लोकरी टोपी घेत आलो आणि दर वेळी दहा-वीस रुपयांसाठी घासाघीसही करीत आलो. परंतु ही माणसे कोठून आली, कोठे राहतात आणि रात्री दुकान आवरल्यावर काय जेवतात, हे विचारण्याची बुद्धी आम्हांला फार उशिरा झाली. एका संध्याकाळी दुकानामागे स्टोव्हवर रटरटणाऱ्या पातेल्याकडे आमचे लक्ष गेले आणि आम्ही सहज चौकशी केली. दुकानातील वृद्ध बाईंनी उत्तर देण्याऐवजी एक वाडगाच आमच्यापुढे केला. त्यात रश्श्यात शिजवलेल्या शेवया होत्या. प्रस्तुत लेख त्या वाडग्यातून निघाला आहे.

आपल्याकडे शेवया म्हटल्या की डोळ्यांसमोर दुधातली खीर येते. मांसाच्या रश्श्यात शेवया घालण्याची कल्पना आपल्या कानांना चमत्कारिक वाटते. परंतु तिबेटच्या पठारापासून व्हिएतनामच्या किनाऱ्यापर्यंत कोट्यवधी माणसांचे हे रोजचे अन्न आहे. त्यांतील दोन वाडग्यांची हकिकत येथे सांगावयाची आहे: एक आपल्या शेजारचा, तिबेटी थुक्पा; दुसरा दूरचा, व्हिएतनामचा फो. या दोन्ही पदार्थांचा इतिहास घरदार सोडून निघालेल्या माणसांच्या इतिहासाशी जोडलेला आहे, आणि दुसऱ्या इतिहासात तर आपल्या ख्रिस्ती बांधवांचा फार मोठा वाटा आहे.

गोठणगावचा थुक्पा

गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर सीमेला लागून गोंदिया जिल्ह्याचा अर्जुनी-मोरगाव तालुका आहे. तेथे गोठणगावजवळ गाढवी नदीवर इटियाडोहचे धरण आहे. त्याच परिसरात, जंगलाच्या कुशीत, 'नोर्ग्येलिंग' नावाची तिबेटी वसाहत आहे. रंगीबेरंगी प्रार्थनापताका वाऱ्यावर फडफडत असतात, बौद्ध मठातून मंत्रघोष ऐकू येतो, आणि पलीकडच्या बांधीत आपला झाडीपट्टीतील शेतकरी धानाची रोवणी करीत असतो. सागाच्या आणि मोहाच्या या मुलखात हे दृश्य प्रथम पाहणारा क्षणभर थबकतोच.

ही वसाहत १९७२ साली वसली. तिच्यामागील इतिहास थोडक्यात असा. १९५० मध्ये चिनी सैन्य तिबेटात शिरले. मार्च १९५९ मध्ये ल्हासा येथे उठाव झाला, तो चिरडला गेला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस दलाई लामा भारताच्या हद्दीत आले. त्यांच्यामागून हजारो माणसे हिमालय ओलांडून आली. पंडित नेहरूंच्या सरकारने राज्यांकडे जमिनीची मागणी केली. तेव्हाच्या म्हैसूर राज्यात बैलकुप्पे, मध्य प्रदेशात मैनपाट (आता छत्तीसगडात), ओरिसात चंद्रगिरी अशा वसाहती उभ्या राहिल्या. महाराष्ट्राच्या वाट्याला आली ती गोठणगावची. त्या वेळी तो सारा भाग भंडारा जिल्ह्यात होता; गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा १९९९ साली झाला.

ज्या पठारावरून ही माणसे आली, तेथे भात पिकत नाही. तेथील मुख्य धान्य सातू. तो भाजून केलेले पीठ, त्सांपा, लोणी घातलेल्या चहात कालवून खाणे ही तेथील पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. विदर्भातल्या वैशाखात, जेथे पारा पंचेचाळीस अंशांच्या वर सहज चढतो, तेथे त्या अन्नाचे काय होणार? सातू मिळेनासा झाला, याकच्या दुधाचे लोणी तर स्वप्नातही उरले नाही. थुक्पा मात्र टिकला. कारण त्याला लागणाऱ्या वस्तू कोठेही मिळतात: गव्हाचे पीठ, थोडे मांस किंवा हाडे, कांदा, आले, लसूण आणि हाती येईल ती भाजी. त्याचा एक प्रकार थेंथुक. त्यात कणीक मळून तिची पट्टी हाताने ताणतात आणि तिचे तुकडे तोडून थेट उकळत्या रश्श्यात टाकतात. त्याला पोळपाट नको, सोऱ्या नको. डोंगरात तंबू ठोकून राहणाऱ्यांना याहून सोयीचे अन्न ते कोणते?

तिबेटी वर्षाच्या शेवटच्या महिन्यात, एकोणतिसाव्या रात्री, गुथुक नावाचा खास थुक्पा करतात. 'गु' म्हणजे नऊ. त्यात नऊ जिन्नस असावेत अशी रूढी आहे. प्रत्येकाच्या वाडग्यात कणकेचा एक मोठा गोळा असतो आणि त्याच्या पोटात काहीतरी दडवलेले असते. गोळा फोडल्यावर मिरची निघाली तर तो मनुष्य बडबड्या, मीठ निघाले तर आळशी, कोळसा निघाला तर काळ्या मनाचा आणि लोकर निघाली तर मायाळू. सारे घर हसते आणि जुन्या वर्षाचे अमंगळ घराबाहेर घालवले जाते. आम्ही त्या बाईंना विचारले, "तुमच्या गोळ्यात काय निघत असे?" त्या हसून म्हणाल्या, "मिरची. आता फोडायला माणसेच नाहीत." त्यांची मुले परदेशी आहेत. वसाहतीतील बरीच तरुण मंडळी शिक्षणासाठी आणि रोजगारासाठी अशीच बाहेर पडली आहेत. एकदा परागंदा झालेली माणसे दुसऱ्यांदा विखुरत आहेत. फरक इतकाच, की या वेळी मागे सैन्य लागलेले नाही.

कावडीवरचा फो

दुसऱ्या वाडग्याची ओळख आम्हांला पुण्यातील एका अभ्यासवर्गात झाली. तेथे आलेल्या एका व्हिएतनामी धर्मगुरूंनी सुटीच्या दिवशी आम्हां सर्वांसाठी फो रांधला होता. मराठीत आपण 'फो' लिहितो खरे, पण मूळ उच्चार 'फऽ' असा, आवाज खाली नेऊन पुन्हा वर उचलणारा आहे. थुक्प्यातील शेवया गव्हाच्या, तर फोमधील तांदळाच्या आणि फितीसारख्या चपट्या. रस्सा काचेसारखा नितळ असतो आणि त्याला बादियानाचा, म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातील चक्रीफुलाचा, मंद सुवास येतो. ते झाड मूळचे दक्षिण चीन आणि उत्तर व्हिएतनामच्या डोंगरांतलेच आहे. आपल्या आजीच्या मसाल्याच्या डब्यात ते केव्हाचे येऊन बसले आहे, हे आपल्या ध्यानातही नसते.

फो फार प्राचीन नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी, उत्तर व्हिएतनामात नाम दिन्ह आणि हनोई या परिसरात तो उदयाला आला. तेथील शेतकरी बैल व रेडा नांगराला जुंपण्यासाठी बाळगीत. त्यांचे मांस फारसे खाल्ले जात नसे. फ्रेंच अमलात गोऱ्या लोकांसाठी गुरे कापली जाऊ लागली आणि हाडे व उरलेले तुकडे स्वस्तात मिळू लागले. तांदळाच्या शेवयांचा रस्सा विकण्याची चिनी फेरीवाल्यांची पद्धत तेथे होतीच. या दोहोंच्या संगमातून फो झाला. नावाविषयी विद्वानांत वाद आहे. काही जण ते चिनी शब्दापासून आले असे मानतात, तर काही फ्रेंचांच्या 'पो-तो-फ' या मांसाच्या रश्श्याकडे बोट दाखवतात. तो वाद मिटो न मिटो. एवढे खरे, की राज्यकर्त्यांनी टाकलेल्या हाडांतून रयतेने आपले उत्तम अन्न निर्माण केले.

हे अन्न विकले जाई ते कावडीवर. एका बाजूला चूल आणि उकळते भांडे, दुसऱ्या बाजूला वाडगे, शेवया आणि पाला. पहाटे हनोईच्या गल्ल्यांतून विक्रेत्याची आरोळी घुमे. फ्रेंच काळात १९३९च्या सुमारास सोमवारी आणि शुक्रवारी गुरांचे मांस विकण्यावर निर्बंध आले आणि त्यातून कोंबडीचा फो रूढ झाला, असे सांगतात. शुक्रवारी मांस वर्ज्य करणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबाला अर्थातच त्या कोंबडीचाही उपयोग नव्हता!

ज्या रोमन लिपीत हा शब्द लिहिला जातो, तिचाही आपल्याशी दूरचा संबंध आहे. सतराव्या शतकात फादर फ्रान्सिस्को द पीना आदी येशूसंघीय मिशनऱ्यांनी व्हिएतनामी भाषा रोमन अक्षरांत बसवली आणि फादर अलेक्झांडर द ऱ्होड यांनी १६५१ साली रोम येथे तिचा शब्दकोश छापला. हे फादर ऱ्होड पूर्वेकडे जाताना १६१९ साली गोव्यात उतरले होते. 'ख्रिस्तपुराण'कार फादर थॉमस स्टीफन्स यांचे गोव्यात देहावसान झाले तेही १६१९ सालीच. एकाने मराठीत ओवी रचली, दुसऱ्याने परक्या भाषेचे स्वर कागदावर उतरवले. श्रद्धा घराघरांत पोहोचायची तर ती घरच्या बोलीतून बोलली पाहिजे, हे दोघांनीही जाणले होते.

१९५४: धर्मग्रामे निघाली

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. ७ मे १९५४ रोजी दिएन बिएन फू येथे फ्रेंचांचा पाडाव झाला. जुलैमध्ये जिनीव्हा येथे करार झाला आणि सतराव्या अक्षांशाजवळ व्हिएतनामचे दोन भाग पडले. उत्तरेत साम्यवादी राजवट आणि दक्षिणेत तिच्या विरोधातील. लोकांनी कोणत्या बाजूला राहायचे हे ठरविण्यासाठी तीनशे दिवसांची मुदत होती. कराराच्या देखरेखीसाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगात कॅनडा व पोलंड हे सदस्य होते आणि अध्यक्षपद आपल्या भारताकडे होते.

त्या मुदतीत सुमारे आठ ते दहा लाख माणसे उत्तरेतून दक्षिणेत गेली. त्यांतील बहुसंख्य कॅथलिक होती. फात दिएम आणि बुई चू या जुन्या धर्मप्रांतांतून तर धर्मगुरूंसह गावेच्या गावे निघाली. फात दिएमचे दगडी ख्रिस्तमंदिर तेथील देशी वास्तुशैलीत, वळणदार छपरांचे, फादर त्रान लुक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभारले होते. ते पाठीवर घेऊन जाता येत नव्हते. शेत, विहीर, पूर्वजांची थडगी, सारे मागे राहिले. बुई चू हे नाम दिन्हच्या परिसरातले. म्हणजे फोचे माहेर आणि या ख्रिस्ती गावांचे माहेर जवळजवळ एकच.

साइगॉनमध्ये फो पूर्वी अगदीच नव्हता असे नाही. पण तो गल्लोगल्ली पोहोचला तो या निर्वासितांबरोबर. ज्याच्यापाशी जमीन नाही आणि ओळखही नाही, त्याला एक हंडी आणि पहाटे उठण्याची तयारी एवढ्या भांडवलावर संसार उभा करता येतो. दक्षिणेच्या सुपीक भूमीत मग फोही बदलला. उत्तरेत तो साधा: रस्सा, शेवया, मांस आणि कांद्याची पात. दक्षिणेत त्याच्याबरोबर मोड आलेले मूग, तुळशीच्या जातीचा पाला, लिंबू, मिरची यांची ताटली आली. उत्तरेकडचे वृद्ध नाके मुरडीत आणि त्यांची नातवंडे मिटक्या मारीत. परक्या भूमीत रुजणे म्हणजे काय, हे त्या ताटलीत दिसते.

उत्तरेत राहिलेल्यांच्या वाट्याला वेगळेच आले. युद्धाच्या आणि टंचाईच्या काळात सरकारी दुकानांत मांसाचा तुकडाही नसलेला फो मिळे. आकाशात अमेरिकेची वैमानिकरहित टेहळणी विमाने फिरत. त्यावरून लोकांनी या फोला नाव दिले 'वैमानिक नसलेला फो'! उपाशी माणसाचा विनोद फार खोल असतो. पुढे ३० एप्रिल १९७५ रोजी साइगॉन पडले आणि पुन्हा लाखो माणसे निघाली, या वेळी नावांतून, समुद्रमार्गे. आज कॅलिफोर्निया, पॅरिस, सिडनी येथे फोची दुकाने दिसतात, त्यांच्यामागे हा इतिहास आहे. बाहेरून ते खानावळीचे यश वाटते. आतून ते दोनदा उठलेल्या घरांचे पुन्हा मांडणे आहे.

आपल्या चुलीवर

हे अन्न आपल्या घरी करता येईल का? आम्ही मिशनच्या स्वयंपाकघरात करून पाहिले, आणि पहिल्या वेळी पुरते फसलो. रस्सा खळाखळा उकळू दिला, तो गढूळ झाला. खिरीच्या शेवया घातल्या, त्यांचा लगदा झाला. स्वयंपाकघरातील मावशी वाडग्यात डोकावून म्हणाल्या, "फादर, ही तर आजाऱ्याची पेज झाली!" दुसऱ्या वेळी मात्र मावशींनीच मार्ग दाखवला.

गुरांच्या हाडांऐवजी कोंबडी घ्यावी. महाराष्ट्रात २०१५च्या कायद्यापासून गोवंशाचे मांस वर्ज्य आहे, आणि कोंबडीचा फो हा तर मुळातच अशा निर्बंधाच्या दिवसांतला मानला जातो. दीड किलोची गावरान कोंबडी पाण्यात पाच मिनिटे उकळून ते पहिले पाणी टाकून द्यावे. गढूळपणा तेथेच जातो. मग चार लिटर ताज्या पाण्यात ती मंद आचेवर ठेवावी. दोन कांदे आणि बोटभर आले निखाऱ्यावर वरून काळे होईपर्यंत भाजून, साल काढून त्यात सोडावे. पाण्याला केवळ बारीक बुडबुडे यावेत. रस्सा उसळ्या मारू लागला, की चरबी पाण्यात मिसळते आणि नितळपणा कायमचा जातो. वर येणारा फेस पळीने काढत राहावे. मांस मऊ झाले की उतरवून घ्यावे आणि हाडे पुन्हा रश्श्यात टाकावीत. शेवटच्या तासात तीन चक्रीफुले, दालचिनीचा तुकडा, चार लवंगा, एक मसाला वेलदोडा आणि चमचाभर धणे कोरडे भाजून, फडक्यात बांधून सोडावेत. व्हिएतनामी लोक खारट चवीसाठी माशांचा आंबवलेला रस वापरतात. तो आपल्याकडे नाही. मूठभर वाळके झिंगे भाजून त्याच पुरचुंडीत बांधले तर ती चव बरीचशी साधते. शेवटी मीठ आणि खडीसाखरेचा लहान खडा. एकूण तीन तास पुरतात.

राहिल्या शेवया. आम्ही अडलो होतो तेथेच मावशी म्हणाल्या, "उन्हाळ्यात फेण्या करतो तशाच की!" खरोखर, रीत तीच आहे. जुना, जाडा तांदूळ रात्रभर भिजवून गंधासारखा वाटायचा, ताकासारखा पातळ करायचा, तेलाचे बोट लावलेल्या ताटलीत पातळ थर ओतून वाफेवर दोन-तीन मिनिटे ठेवायचा आणि अलगद सोडवायचा. आपल्या बायका तो पापड करण्यासाठी उन्हात घालतात. व्हिएतनामी बायका त्याच्या सुरीने फिती कापतात. तांदूळ जुनाच हवा, कारण नव्याला चिकटपणा अधिक. आपल्या भागाला तांदळाची काय वाण? मामा तलावांच्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या धान पिकवणारा हा मुलूख आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड या गावच्या, अल्प जमिनीच्या दादाजी खोब्रागडे यांनी शेतात निरखून निरखून एच.एम.टी. वाण शोधून काढला. २०१८ साली ते निवर्तले. त्यांचा तांदूळ देशभर शिजतो आहे. फितींना मात्र साधा जाडा तांदूळच बरा.

वाडग्यात गरम पाण्यातून काढलेल्या फिती, त्यांवर कोंबडीचे धागे, कांद्याची पात, कोथिंबीर, आणि वरून उकळता रस्सा. लिंबू व मिरची ज्याच्या त्याच्या आवडीने.

नोंदवही आणि हंडी

धर्मगुरूच्या कपाटात बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या असतात. कोण कोणाचा, कोठला, हे त्या सांगतात. परंतु घर सोडून रातोरात निघालेल्या माणसाच्या हाती नोंदवही नसते. त्याची साक्ष त्याच्या भाषेत, प्रार्थनेत आणि हंडीत उरते. भाषा नातवंडांपर्यंत पातळ होते. हंडीतली चव बहुधा सर्वांत शेवटी जाते.

आणि हे केवळ परक्यांविषयी नाही. १९६०च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबे चामोर्शी, मुलचेरा या भागांत वसवली गेली. त्यांच्या तळ्यांतल्या माशांनी आपल्या बाजारांची चव बदलली. कोळसा खाणींसाठी, बल्लारपूरच्या कागद कारखान्यासाठी तेलुगू, तमिळ, मल्याळी, छत्तीसगडी कुटुंबे आली. चांदा मिशनची उभारणी १९६२ साली झाली तीही केरळातून आलेल्या धर्मगुरूंच्या हातून. मिस्सेनंतर आवारात उभे राहिले, की आपल्यापैकी कितींचे आजोबा याच मातीतले, हे मोजायला फार वेळ लागत नाही. या जंगलाचे खरे यजमान गोंड आणि माडिया बांधव; बाकी आपण सारे त्यांच्या ओसरीवर आलेले पाहुणे. म्हणून वाचक कुटुंबांना आमची एक विनंती आहे. घरातील वृद्ध स्त्रीपाशी एकदा बसावे, ती कोठून आली आणि सोबत कोणता पदार्थ घेऊन आली हे विचारावे, आणि तो कृतीसह वहीत उतरवावा. बाप्तिस्म्याच्या दाखल्याशेजारी ती वही शोभून दिसेल.

गेल्या हिवाळ्यात आम्ही फोचा एक डबा घेऊन त्या तिबेटी बाईंच्या दुकानी गेलो. त्यांनी दोन घास खाल्ले, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "शेवया चांगल्या आहेत. मीठ कमी." मग त्यांनी टोपीची किंमत सांगितली. आम्ही ती दिली आणि डबा त्यांच्यापाशीच ठेवून आलो.